काकूंचा पुरवणी जबाब

गेल्या वर्षी श्रावणातल्या एका सोमवारी सकाळी आमच्या इमारतीतल्या काकूंचे मंगळसूत्र चोरीला गेले. देवळातून परतताना मोटारसायकलवरच्या दोन मुलांनी ते हिसकावून नेले, आणि तासाभराने काकू, त्यांचा मुलगा आणि मी असे तिघे पोलीस ठाण्यात ठाणे अंमलदारांसमोर बसलो होतो. काकूंच्या गळ्यावर साखळीचा लाल वळ उठला होता आणि त्या तो पदराने पुन्हापुन्हा झाकत होत्या. अंमलदार उद्धट मुळीच नव्हते. त्यांनी खुर्ची दिली, पाणी मागवले, आणि मग पहिला प्रश्न विचारला, "आजी, किती तोळ्यांचं होतं?" त्यापाठोपाठ "पावती आहे का?" आणि "गाडीचा नंबर बघितला का?" हे दोन प्रश्न आले. अडीच तोळे, शोधावी लागेल, नाही, अशी तीन उत्तरे काकूंनी दिली आणि त्या गप्प झाल्या. पुढची बरीचशी उत्तरे त्यांच्या मुलानेच दिली.

पाऊण तासाने जी फिर्याद छापून आली तिची भाषा, ज्याने कधी ठाण्याची पायरी चढली आहे त्याला तोंडपाठ असेल. "मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून फिर्याद देते की, मी वरील ठिकाणी पती, मुलगा व सून यांचेसह राहण्यास असून घरकाम करते. आज रोजी सकाळी ०६.३० वा.चे सुमारास मी पायी जात असताना पाठीमागून मोटारसायकलवरून आलेल्या दोन अनोळखी इसमांपैकी पाठीमागे बसलेल्या इसमाने माझ्या गळ्यातील सोन्याचे मंगळसूत्र हिसका मारून तोडून चोरून नेले आहे." शेवटी नेहमीची ओळ होती, की हा मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे टंकलिखित केला असून तो मी वाचून पाहिला, तो बरोबर व खरा आहे. काकूंनी चष्मा आणला नव्हता. त्यांनी सही केली.

या मजकुरातला 'पाठीमागून' हा शब्द चुकीचा होता, आणि तो चुकीचा आहे हे त्या खोलीत एकट्या काकूंना ठाऊक होते. तो शब्द दुरुस्त व्हायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांमुळे मी या विषयात शिरले. पीडित माणूस पोलिसांसमोर काय सांगतो, काय सांगत नाही, आणि न सांगितलेले केव्हा बाहेर येते, याबद्दल मी तेव्हापासून जे वाचले आणि पाहिले ते इथे लिहिते आहे. काकूंची परवानगी घेतलेली आहे, आणि ओळख पटेल असे काही तपशील मी बदलले आहेत.

पहिली गोष्ट अशी की, आपल्याकडे जबाब 'ऐकला' जात नाही, तो 'लिहिला' जातो, आणि या दोन कामांचा वेग आणि क्रम वेगळा असतो. अंमलदारांच्या समोर संगणक असतो, त्यात ठरलेले रकाने असतात, आणि पहिले रकाने तारीख, वेळ, ठिकाण, मालाचे वर्णन आणि किंमत यांचे असतात. साहजिकच प्रश्नही रकान्यांच्या क्रमाने येतात. सांगणाऱ्याच्या डोक्यात मात्र प्रसंग त्या क्रमाने साठवलेला नसतो. काकूंच्या डोक्यात आधी साखळी तुटल्याचा आवाज होता, मग हातातून सांडलेला बेलाचा पुडा होता, आणि तोळ्यांचा हिशेब सर्वांत शेवटी होता. अंमलदारांना दोष देणे सोपे आहे, पण त्याच पाऊण तासात त्यांनी वायरलेसवरचे दोन निरोप घेतले, हरवलेल्या मोबाइलची तक्रार घेऊन आलेल्या एका मुलाला थांबवून ठेवले आणि एका दारुड्याला गप्प केले. अशा जागी बसून कोणी सलग ऐकून घेईल ही अपेक्षाच मला आता थोडी अन्यायाची वाटते. जागाच चुकीची आहे.

ही अडचण केवळ आपली नाही, हे वाचून मला जरा बरे वाटले. रोनाल्ड फिशर आणि एडवर्ड गाइझलमन या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी आपल्या सहकाऱ्यांसह फ्लोरिडातल्या मायामी भागातील पोलिसांनी पीडितांच्या आणि साक्षीदारांच्या घेतलेल्या मुलाखतींच्या ध्वनिफिती ऐकल्या आणि १९८७ साली आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. "काय घडले ते सांगा" असे म्हटल्यावर माणूस बोलू लागला की सरासरी साडेसात सेकंदांत पोलीस त्याला मधेच तोडत असत. एका मुलाखतीत मोकळे, सविस्तर उत्तर मागणारे प्रश्न सरासरी तीन आणि एका शब्दात उत्तर मागणारे प्रश्न सव्वीस होते. साडेसात सेकंद म्हणजे किती, हे मी स्वयंपाकघरातल्या घड्याळावर मोजून पाहिले. "मी सकाळी देवळात गेले होते, आज सोमवार ना, म्हणून" एवढेच त्यात बसते.

या दोघांनी त्यावर जी पद्धत सुचवली तिला आकलनाधारित मुलाखत म्हणता येईल, आणि तिच्यात जादू काही नाही. सांगणाऱ्याला आधी प्रसंगाच्या जागी आणि वेळी मनाने परत न्यायचे: हवा कशी होती, हातात काय होते, कोणता आवाज येत होता. मग त्याला त्याच्या क्रमाने बोलू द्यायचे, क्षुल्लक वाटेल तेही सांगायला सांगायचे, आणि तो थांबला तरी आपण लगेच बोलायचे नाही. त्यानंतर, त्याने स्वतः उच्चारलेल्या गोष्टींना धरून प्रश्न विचारायचे. रंग, उंची, नंबर हे नेमके प्रश्न शेवटी. मायामीच्याच काही तपास अधिकाऱ्यांना हे प्रशिक्षण दिल्यावर त्यांना पीडितांकडून आणि साक्षीदारांकडून पूर्वीपेक्षा सुमारे ४७ टक्के अधिक माहिती मिळाली, असे १९८९ च्या अभ्यासात दिसले. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९२ पासून पोलिसांना मुलाखतीची जी एक राष्ट्रीय चौकट शिकवली जाते, तिच्यातही हा भाग घेतलेला आहे, आणि तिथे तो मुख्यतः सहकार्य करणाऱ्या साक्षीदारांसाठी आणि पीडितांसाठी आहे. आपल्याकडचा जुना अनुभवी हवालदार यातले निम्मे न शिकताच करतो, हेही मी पाहिले आहे. तो चहा मागवतो आणि "सांगा, मी ऐकतोय" म्हणून पेन खिशाला लावतो.

आता कोणी विचारेल की, आठवले ते नंतर न्यायालयात सांगता येईलच, मग ठाण्यातल्या कागदाचे एवढे काय? उलटतपासणी ज्याने पाहिली आहे तो असे विचारणार नाही. तपासात घेतलेल्या जबाबावर सांगणाऱ्याची सही घेतली जात नाही आणि तो जबाब स्वतः पुरावा ठरत नाही. पण आरोपीच्या वकिलाला साक्षीदाराला खोटे पाडण्यासाठी तो वापरता येतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८१ मध्ये, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १६२ मध्ये, असे स्पष्टीकरण आहे की जबाबात एखादी महत्त्वाची गोष्ट नसणे हीसुद्धा विसंगती ठरू शकते. तालुका न्यायालयात वकील याला सरळ 'ओमिशन' म्हणतात. "ही गोष्ट तुम्ही पोलिसांना सांगितली होती का?" "सांगितली होती." "मग ती जबाबात का नाही?" यावर साक्षीदार म्हणतो, "का लिहिली नाही ते मी सांगू शकत नाही," आणि नंतर तपास अधिकारी शपथेवर सांगतो की साक्षीदाराने तसे सांगितले नव्हते. ही प्रश्नोत्तरे इतकी ठरलेली आहेत की ऐकताना कंटाळा येतो. पण त्या कंटाळ्यातच खटले सुटतात. फिर्याद म्हणजे घटनेचा विश्वकोश नव्हे असे सर्वोच्च न्यायालयाने अनेक निकालांत म्हटले आहे. तरीही जे पहिल्या कागदावर नाही ते 'मागाहून रचलेले' असे सुचवणे कोणत्याही वकिलाला सोपे जाते.

म्हणजे एकीकडे पहिल्या कागदाला एवढे महत्त्व आहे, आणि दुसरीकडे तो कागद अशा वेळी आणि अशा जागी तयार होतो की माणसाने सगळे सांगणे जवळजवळ अशक्य व्हावे. भीतीने किंवा धक्क्याने आठवणींचा क्रम विस्कटतो, हे एक कारण आहे. मला अधिक महत्त्वाचे वाटणारे दुसरे कारण लाज हे आहे. लाज म्हटली की आपण लैंगिक गुन्ह्यांचाच विचार करतो, पण फसवल्या गेलेल्या माणसाची लाजही तितकीच तोंड बांधणारी असते. माझ्या ओळखीचे एक निवृत्त प्राध्यापक तथाकथित 'डिजिटल अटके'त, म्हणजे पोलीस असल्याचे भासवून व्हिडिओ कॉलवर अडकवून पैसे उकळणाऱ्यांच्या हाती, सापडले आणि त्यांनी बरीच मोठी रक्कम गमावली. असली अटक कायद्यात अस्तित्वातच नाही. सायबर गुन्ह्यांसाठी १९३० हा क्रमांक आहे आणि लगेच फोन केला तर पैसे वाटेत गोठवता येण्याची शक्यता असते, हे त्यांना माहीत होते. तरी घरात सांगायला त्यांनी अकरा दिवस घेतले. ठाण्यात त्यांना विचारलेला पहिला प्रश्न होता, "एवढे शिकलेले असून तुम्ही पैसे का पाठवले?"

या 'का'चे काय करायचे, असा मला प्रश्न पडतो. मराठीत 'का' हा फार जड शब्द आहे. शाळेत, घरात, कचेरीत तो बहुतेक वेळा जाब विचारण्यासाठीच येतो: उशीर का झाला, आधी का बोलली नाहीस, एकटी का गेलीस. विचारणाऱ्याला खरोखर कारण हवे असले तरी ऐकणाऱ्याला त्यात ठपकाच ऐकू येतो, आणि ठपका ऐकू आला की माणूस आठवण्याचे सोडून स्वतःचा बचाव रचू लागतो. "पैसे का पाठवले?" ऐवजी "त्या वेळी ते लोक तुम्हाला काय सांगत होते?" असे विचारले तर तीच माहिती मिळते आणि शिवाय गुन्हेगाराची पद्धतही कळते. यासाठी कोणताही निधी लागत नाही.

उशिराबद्दल न्यायालयांनी खरे तर फार पूर्वी समजूत दाखवली आहे. पंजाब राज्य विरुद्ध गुरमित सिंग या १९९६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की लैंगिक अत्याचाराची फिर्याद उशिरा दिली गेली, एवढ्यावरून ती संशयास्पद ठरत नाही. कुटुंबाची अब्रू आणि मुलीचे भवितव्य यांचा विचार करून लोक थांबतात. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर तो नोंदवणे बंधनकारक आहे हे ललिता कुमारी प्रकरणात २०१३ साली ठरले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेने हद्दीची सबब कलम १७३ मध्ये लेखी स्वरूपात मोडीत काढली. त्यानंतर दीड महिन्याच्या आत बदलापूरला बालवाडीतल्या दोन मुलींवरील लैंगिक अत्याचाराचे प्रकरण घडले. पालकांना ठाण्यात तासन्‌तास ताटकळावे लागले, लोक रेल्वेमार्गावर उतरले, आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन, गुन्हा नोंदवण्यातील आणि दुसऱ्या मुलीच्या बाबतीत जबाब घेण्यातील दिरंगाईबद्दल पोलिसांना खडसावले. कायदा कमी पडला असे तिथे म्हणता येत नाही.

जबाबाच्या खोलीत कोण असावे आणि कोण नसावे, या प्रश्नाची सगळ्यात काळी आठवण महाराष्ट्रातलीच आहे. २६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंजच्या ठाण्यात एक आदिवासी मुलगी आपल्या भावाच्या तक्रारीवरून जबाब द्यायला गेली होती. देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होते, आज ते गडचिरोलीत आहे. जबाब झाल्यावर इतरांना जायला सांगण्यात आले आणि तिला मागे ठेवण्यात आले. पोलिसांनीच आपल्यावर अत्याचार केल्याची तिची तक्रार होती. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोन पोलिसांना दोषी ठरवले; पण तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडले. तिच्या अंगावर जखमा नव्हत्या आणि तिने आरडाओरडा केला नाही, याला त्या निकालात वजन दिले गेले. पुढच्याच वर्षी उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर आंदोलन झाले आणि १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतील बलात्कार हा वेगळा, अधिक गंभीर प्रकार म्हणून कायद्यात आला, आणि अशा प्रकरणात संमती नव्हती असे स्त्री सांगत असेल तर न्यायालयाने तसेच गृहीत धरावे असे ठरले. स्त्रियांना साक्षीदार म्हणून ठाण्यात बोलावू नये, त्या राहतात तिथे जाऊन विचारपूस करावी, ही तरतूद मात्र जुनीच आहे. आजच्या कलम १७९ मध्ये साठ वर्षांवरील व्यक्तींनाही हे संरक्षण आहे. माझ्या काकू अडुसष्ट वर्षांच्या आहेत. फिर्याद द्यायला त्या स्वतः गेल्या हे खरे, पण पुढच्या चौकशीसाठी त्यांना दोनदा बोलावले गेले तेव्हा ही तरतूद आम्हा कोणालाच ठाऊक नव्हती.

लहान मुलांसाठीचा २०१२ चा पॉक्सो कायदा मी या निमित्ताने प्रथमच सलग वाचला, आणि त्यातली काही कलमे इतकी समंजस आहेत की ती लिहिणाऱ्याने कधीतरी एखाद्या घाबरलेल्या मुलाशेजारी बसून पाहिले असावे असे वाटते. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घ्यायचा, शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने घ्यायचा, आणि तो घेताना गणवेश घालायचा नाही. मूल रात्री ठाण्यात ठेवायचे नाही. कलम २६ सांगते की जबाब मूल बोलेल तसा लिहायचा. या शेवटच्या अटीचे पालन सर्वांत अवघड जाते असे मला दिसले. मूल म्हणते "शूची जागा", कागदावर येते "गुप्तांग". मूल म्हणते "काकांनी खाऊ देतो म्हणून माडीवर नेलं", कागदावर येते "सदर इसमाने खाऊचे आमिष दाखवून". पाच वर्षांची मुलगी 'आमिष' म्हणाली असे कोणता न्यायाधीश मानेल? आणि वकिलाने तेच विचारले, की हा शब्द तुझा आहे का, तर ती मुलगी खरेच नाही म्हणेल. नंदुरबार किंवा भामरागडकडे तर मुलाची भाषाच भिल्ली किंवा माडिया असते आणि कागद प्रमाण मराठीत होतो. कायद्याने दुभाष्याची सोय सांगितली आहे. पण दुभाषी तरी शब्द तसाच्या तसा देतो की सभ्य करून देतो, हे पाहणार कोण?

बलात्काराच्या प्रकरणांत पीडितेचा जबाब दृक्‌श्राव्य साधनांनी, अगदी मोबाइलवरही, नोंदवता येतो असे कलम १७६ म्हणते, आणि इतर जबाबांसाठी कलम १८० मध्ये तशी मुभा आहे. मी याच्या बाजूची आहे. निदान आवाज तरी राहील, म्हणजे कागदावरचे 'सदर इसमाने' आणि बोललेले 'त्यानं' शेजारी ठेवता येतील. फोन समोर उभा करून लाल ठिपका चालू केला की कित्येकांची वाचा बसते, हेही मला दिसते. पण पेनासमोर बसणारी वाचा आपण इतकी वर्षे चालवून घेतलीच आहे.

सोबतीच्या माणसाबद्दल माझे मत काकूंच्या प्रकरणाने बदलले. पालक, नातेवाईक किंवा समाजसेवक जवळ असू द्यावा असे कायदा सांगतो, आणि ते योग्यच आहे. परंतु आधाराला बसलेला माणूसच तोंडाला कुलूप ठरतो, हेही तितकेच खरे आहे. आणि नवऱ्यासमोर, सासूसमोर किंवा कर्त्या मुलासमोर कोणते वाक्य गिळले जाईल हे बाहेरच्याला कळत नाही. सोबत कोण हवे, हे पीडिताला एकट्याला बाजूला घेऊन विचारले पाहिजे. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, आणि तशा कक्षांमधून प्रशिक्षित समाजकार्यकर्ती पोलिसांच्या आवारातच बसते, पण पोलीस नसते. ती आधी ऐकते, लिहिण्याचे नंतर पाहिले जाते. ही कल्पना केवळ घरगुती हिंसेपुरती ठेवू नये असे मला वाटते.

तीन आठवड्यांनी काकूंच्या प्रकरणाचा तपास एका महिला उपनिरीक्षकांकडे आला. त्या संध्याकाळी साध्या कपड्यांत घरी आल्या. काकूंचा मुलगा कामावर होता, काका आतल्या खोलीत झोपले होते, आणि मी दळण द्यायला गेले होते ती काकूंनी हात धरला म्हणून बसले. मॅडमनी फाइल पिशवीतच ठेवली. त्या म्हणाल्या, "काकू, त्या दिवशी उठल्यापासून सांगा. घाई नाही." काकूंनी दुधापासून सुरुवात केली. दूध, काकांची औषधे, बेल, गुरुजी, असे करत त्या देवळाबाहेर आल्या आणि थांबल्या. मॅडम काहीच बोलल्या नाहीत. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. मी बोलणार होते, पण बोलले नाही याचे मला आजही समाधान आहे.

"तो पाठीमागून आला नव्हता," काकू म्हणाल्या. "'आजी' म्हणाला. दवाखाना कुठे विचारलंन. मीच थांबले. रस्ता नीट दाखवायला म्हणून गाडीच्या जवळ गेले. मुलगा म्हणाला असता ना, तुला कोणी सांगितलं होतं थांबायला." मग त्या सलग बोलत राहिल्या. गाडीवरच्या त्या मुलाने ज्या दवाखान्याची चौकशी केली तो दोन वर्षांपूर्वीच बंद झाला आहे, आणि त्याने तो डॉक्टरांच्या नावाने न विचारता गल्लीतली जुनी माणसे म्हणतात त्या नावाने विचारला होता. त्याच्या उजव्या अंगठ्याला पट्टी होती. मॅडमनी इथे प्रथमच वही काढली, आणि दवाखान्याचे ते जुने नाव काकूंकडून दोनदा म्हणवून घेतले.

पुरवणी जबाब तिथेच हाताने लिहिला गेला. मॅडमनी तो मोठ्याने वाचून दाखवला. "त्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवून मी" या शब्दांवर काकूंनी त्यांना अडवले. विश्वासबिश्वास काही नव्हता, त्या म्हणाल्या, कोणीही रस्ता विचारला तर आपण थांबतोच. तेव्हा "रस्ता दाखवण्यासाठी मी" असे लिहा. मॅडमनी ती ओळ खोडून तसे लिहिले. मंगळसूत्र अजून मिळालेले नाही. काकूंनी त्या दिवशी चष्मा आठवणीने लावला होता, पूर्ण जबाब स्वतः पुन्हा वाचला आणि सही करायला पेन मागितले. या जबाबावर सही घेत नाहीत असे मॅडमनी सांगितले तेव्हा त्यांना जरा वाईटच वाटले.